पाठमोरं घर

"त्याचं तोंड दिसलं नाही पाह्यजे," धरमसिंगनं मिस्त्रीला बजावलं. "बाकी दोन्ही घरं सारखी. एक ईट त्याच्याकडं जास्त गेली, तं भीत पाडीन मी."

थोरला भाऊ रूपसिंग पचकन थुंकला. त्याचंही तेच म्हणणं होतं. विहिरीच्या पाण्यावरून दोघांची डोकी फुटायचीच तेवढी राहिली होती. तांड्यातली जागा चिंचोळी, मधली भिंत सामाईक ठेवल्यावाचून गत्यंतर नव्हतं. म्हातारी हंसाबाई थोरल्याकडं राहणार आणि एकानं दुसऱ्याचा उंबरा ओलांडायचा नाही, असं पंचांपुढं ठरलं होतं. म्हणजे धरमसिंगला आई बंद झाली. तो आतून जळत होता, पण रूपसिंगसमोर मेला तरी बोलला नसता.

उकंडा मिस्त्रीनं आपट्याचं पान पुढं धरलं. मधली शीर म्हणजे भिंत. असं बांधलं तर दोन्ही बाजू आरशातल्यासारख्या. पण दाराशेजारी दार, बैठकीला बैठक, चुलीला चूल लागणार. नाहीतर भिंगरीसारखं बांधू, तो म्हणाला. दोन्ही पाती सारखीच, फक्त तोंडं उलटी. एकाचं दार पूर्वेला, दुसऱ्याचं पश्चिमेला.

पश्चिमेचं दार कोण घेणार यावरून भाऊ एकमेकांची आई काढू लागले. ती एकच होती आणि तिथंच बसली होती.

"भिंगरीच बांध," हंसाबाई मिस्त्रीला म्हणाली. "थोरल्याले पूर्व दे. यांची तोंडं समोरासमोर नको."

रूपसिंग खूश झाला. धरमसिंगला मात्र ते फार लागलं. म्हातारीलाही आपलं तोंड नकोसं झालं, असं त्यानं धरलं आणि पश्चिमेचं दार मुकाट्यानं घेतलं.

घर उभं राहिलं. पहिल्याच दुपारी धरमसिंग बैठकीत भिंतीला खाट लावून आडवा झाला. पलीकडं भांडी वाजली. भावाचा सैपाक आता रोज आपल्या कानाशी, या विचारानं त्याचं टाळकं सरकलं. त्यानं शिवी हासडून भिंतीला लाथ घातली.

"लात नको मारू, धरम्या," पलीकडून हंसाबाईचा दबका आवाज आला. "मी चुलीपाशीच निजतो आता. पानासारखं बांधलं असतं, तं तुही खाट माह्यापासून लय दूर पडली असती, बेटा."