टोपलीतले फोन

मन शांत ठेवायला शिकवणाऱ्या आमच्या वर्गात दाराशीच एक टोपली असते. शिरताना फोन तिच्यात टाकायचा, डोळे मिटायचे आणि श्वासाकडे लक्ष द्यायचं. पण टोपलीत काही थरथरलं की श्वास राहतो बाजूला, सगळ्यांच्या माना तिकडे वळतात. माझी तर सगळ्यात आधी. फक्त शिवणकाम करणाऱ्या मावशी हलत नाहीत. फोन त्यांचाही टोपलीतच असतो.

आज शिकवणाऱ्या बाईंना राहवलं नाही. "बघा यांच्याकडे, शिका जरा काहीतरी. मावशी, सांगा ना, कसं जमवलंत हे?"

मावशी अवघडल्या. बाहीला चिकटलेला दोरा काढत म्हणाल्या, "मी कसलं जमवतेय. पोरगा माझा उंच इमारतींच्या काचा पुसायचा, दोराला लटकून. तो कामावर गेला की फोनची धास्ती. नुसता वाजला तरी सुई बोटात घुसायची."

"मग? त्या धास्तीवर मात कशी केलीत?"



"मग एक दिवस तो फोन आला."