वर्गातला फितूर

भूगोलाच्या बाईंना नवा डिजिटल फळा जमत नव्हता, तोवर वर्गाची नुसती चंगळ होती. फळा अडला की बाई हाक मारायच्या, "इंजिनीअर!" आणि वर्गातली सगळ्यात बडबडी मुलगी ऐटीत पुढे जायची. उगाच फळ्याच्या एकेक करामती करून बघत ती इतका वेळ काढायची, की तोंडी प्रश्न विचारायला तासच उरायचा नाही. तिला तेच हवं होतं, कारण अभ्यासाच्या नावानं तिची स्वतःचीच बोंब होती.

हल्ली मात्र बाई तिला हाकच मारत नव्हत्या. परवा त्यांनी नकाशा मोठा केला, काल नद्यांची नावं झाकली आणि आज तर मुलांची नावं फळ्यावर गरागरा फिरवली!

"आपल्यात कुणीतरी फितूर आहे," इंजिनीअर मैत्रिणीच्या कानात कुजबुजली. "बाईंना चोरून शिकवतंय. तो पुढचा चष्मिस बघ, कसा गालातल्या गालात हसतोय!"

"अगं, त्याचं तोंडच तसं आहे."

तेवढ्यात फिरणारी नावं थांबली, नेमकी इंजिनीअरच्या नावावर.

"ये, नद्या ओळख बघू," बाई म्हणाल्या.

नद्या गेल्या खड्ड्यात! तिला राहवेना. "बाई, आधी सांगा ना, तुम्हाला हे सगळं शिकवलं कुणी?"



"तूच की गं! तू फळ्यापाशी आलीस की रोज तुझं बघून एक गोष्ट शिकायची, एवढंच ध्येय ठेवलं होतं मी."