फिल्टर कोरडा राहिला पाहिजे

"माणसं फ्रेममध्ये नकोत," प्रेमराज नाल्याच्या मधोमध ओरडला.

काठावरून शीतलने मोबाइल थोडा वर धरला. आता पडद्यावर फक्त तिचा भाऊ, त्याचं हेल्मेट, डर्ट बाइकचं हँडल आणि मागे सातपुड्याची हिरवी धार उरली. बाइक बांधलेले दोन बांबू आणि ते खांद्यावर घेतलेले पाड्यावरचे चौघे कापले गेले. पाणी त्यांच्या कमरेपर्यंत होतं. प्रेमराज सीटवर चढून बसला, तशा चौघांच्या माना वाकल्या.

इंजिन बंदच होतं. पाणी जाऊ नये म्हणून प्रेमराजने एअर फिल्टरवर प्लॅस्टिक गुंडाळून टेप मारली होती. हवाच मिळाली नाही तर इंजिन चालेल कसं, असं शीतलने सकाळी विचारलं होतं. आवाज नंतर जोडू, म्हणाला. तेव्हा तिला हसू आलं होतं. आता येत नव्हतं.

तेवढ्यात पलीकडच्या काठावरून पाड्यावरच्या सुंदरबाईची हाक आली. तिची सून सुगंधाबाई दगडाला टेकून बसली होती. दिवस भरलेले, साडी रक्ताने भिजलेली. अँब्युलन्स अलीकडच्या रस्त्यावर येणार होती. नाला ओलांडायचा तर झोळी करायची, आणि झोळीचे बांबू बाइकखाली होते.

पुढच्या बांबूला लागलेला तेरसिंग म्हणाला, गाडी इथेच सोडतो. प्रेमराज खाली उतरला, पण आधी बाइक काठावर न्या म्हणून अडून बसला. टेपचा भरवसा नव्हता. फिल्टरमधून पाणी आत गेलं तर इंजिन खलास होईल.

"आठे बाई खलास व्हई, भाऊ," तेरसिंग म्हणाला.

त्याने बाकीच्या तिघांकडे पाहिलं. चौघे एकदम वाकले. बाइक सीटपर्यंत पाण्यात गेली. दोर सोडून त्यांनी बांबू ओढून घेतले.

गोधडीची झोळी करून त्यांनी सुगंधाबाईला आणलं. झोळी प्रेमराजच्या अगदी जवळून गेली. गोधडीतून लाल थेंब पाण्यात पडत होते. त्याने एकदा आत पाहिलं. मग शीतलकडे बघून 'नको' अशी मान हलवली, पाठ फिरवली आणि बाइक काठाकडे ढकलू लागला.

अलीकडे अँब्युलन्स आलेली नव्हती. सुगंधाबाईचे ओठ पांढरे पडले होते. तेरसिंग रेंज शोधत टेकाडावर धावला.

प्रेमराजने काठावर सीट काढलं होतं. फिल्टरचा काळपट फोम तो पिळत होता, उजेडात धरून बघत होता, पुन्हा पिळत होता. शीतल त्याच्याजवळ गेली. ती काही बोलण्याआधीच तो खालच्या आवाजात म्हणाला, "उद्यापासून." त्याने मान वर केली नाही.

 शीतल झोळीपाशी परत आली.

सुंदरबाईने तिचं मनगट धरलं. "बाई, तुमी शिकेल दिखतस. नाडी देखता येस का तुमले?"

"मला नाही येत, अक्का," शीतल सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "तो फिल्टर पिळतोय ना, तुमच्या दवाखान्यात उद्या रुजू होणारा डॉक्टर तोच आहे."