उभ्या गाडीची हवा

"कोणता टायर चांगला, ते शेवटी विचारा. आधी सांगा, गाडी चालते कुठे?"

टायरवाल्याने पिकअपखाली जॅक सरकवला. हा प्रश्न तो दिवसातून दहा वेळा विचारायचा, आणि दहाही वेळा आपण काहीतरी मोठं शहाणपणाचं बोललो असं त्याला वाटायचं.

ड्रायव्हर तोंड उघडणार, तोच त्याची बायको म्हणाली, "बेकरीचा माल असतो, काका. सकाळची फेरी, दुपारची फेरी. सगळी पक्की सडक."

दोघं दवाखान्यातून परस्पर इकडे आले होते. छातीच्या एक्स-रेचं मोठं पाकीट तिने काखेत धरलं होतं. ड्रायव्हरने नुसती मान हलवली आणि जुन्या टायरांच्या चळतीवर बसून घेतलं. बसला म्हणजे काय, पोतं टेकवावं तसा टेकला.

"मग प्रश्नच मिटला. सडकेचे घ्या. मऊ चालतात, आवाज नाही, डिझेलही कमी पितात. ते खोल खाचांचे राकट टायर खाणीवाल्यांसाठी. तुम्हाला काय करायचेत?"

बोलता बोलता टायरवाल्याने मागचं चाक उतरवलं, आडवं केलं आणि टायरवरून अंगठा फिरवला. अंगठ्याला चिरा लागल्या. मग पेचकस घेऊन तो खाचांत अडकलेले पांढरे खडे उकरायला लागला. एक, दोन, सात. इतकी वर्षं हाताखालून टायर गेले होते, की नुसतं रबर बघून गाडी कुठे कुठे भटकते ते त्याला सांगता यायचं. आणि कळलेलं पोटात ठेवणं त्याला आजवर जमलं नव्हतं. त्याची स्वतःची बायको म्हणायचीच, तुमच्या जिभेला हाड नाही.

"काय हो वहिनी, तुमची बेकरी दगडाची बिस्किटं भाजते की काय?" तो हसत म्हणाला. "हे खाणीतले खडे आहेत. आणि चिरा बघा, सगळ्या ताज्या. ही गाडी रोज खाणीत उतरते."

हसला तो एकटाच.

ती पुढे आली. खाली पडलेला एक खडा तिने उचलून बोटांत चोळला. बोटं पांढरी झाली.

"रोज?" तिने नवऱ्याला विचारलं.

"बेकरीवाल्याने स्वतःची गाडी घेतली," ड्रायव्हर जमिनीकडे बघत म्हणाला. "दोन महिने झाले."

"म्हणजे मी पहाटे उठून डबा भरते, तो खाणीत जातो?"

"तिथे रोज काम मिळतं गं."

"डॉक्टरांनी आत्ता, तासाभरापूर्वी विचारलं, धुळीचं काम सोडलंत ना? तुम्ही हो म्हणालात. मीही हो म्हणाले. तुमच्यापेक्षा मोठ्याने म्हणाले."

ड्रायव्हरला खोकला आला. तो त्याने दाबायचा प्रयत्न केला, पण ते काही साधलं नाही. खोकून झाल्यावर म्हणाला, "मग काय करू? घरी बसू?" खरं तर हे त्याने चिडून म्हणायला हवं होतं. तेवढं त्राण त्याच्यात उरलं नव्हतं.

टायरवाल्याला स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. कुणी विचारलं होतं? पेचकस त्याने उगाचच फडक्याने दोनदा पुसला. पण गाडी जॅकवर लटकलेली, काम अर्धवट. कधीतरी तोंड उघडणं भागच होतं.

"मग... कोणते बसवू?"

"खाणीचे," ड्रायव्हर म्हणाला.

"सडकेचे," ती म्हणाली.

"अगं, सडकेचे तिथे आठ दिवस टिकायचे नाहीत."

"आत्ताच ऐकलं मी. म्हणूनच सांगतेय."

"आणि सडकेवर काम कुठंय?"

तिने काखेतलं पाकीट सावरलं. मग म्हणाली, "नसेल तर नसेल. गाडी दारात उभी राहू दे. मी बघते काहीतरी. उभ्या गाडीचं काय बिघडतं? निदान झिजत तरी नाही."

ड्रायव्हरने तिच्याकडे पाहिलं आणि मग टायरवाल्याकडे, जणू आता निकाल त्याच्या हातात होता.

टायरवाल्याच्या जिभेवर उत्तर तयार होतं. उभी गाडी टायराला चालत्या गाडीपेक्षा वाईट. एकाच जागी भार पडून टायर खालून चपटा होतो, रबर सुकतं, भेगा पडतात, आणि पुढे कधी गाडी काढली की पहिल्याच फेरीत दगा देतो. हे त्याने कितीतरी गिऱ्हाइकांना दम देऊन सांगितलं होतं. त्याने तिच्या पांढऱ्या बोटांकडे पाहिलं आणि आयुष्यात पहिल्यांदा मूग गिळले. मांडणीवरून सडकेचे चार टायर काढले आणि कामाला लागला.

चारही चाकं चढली. मागच्या चाकाला त्याने हवेची नळी लावली. काटा नेहमीच्या आकड्यावर आला, तरी त्याने नळी काढली नाही. चार पौंड हवा जास्तच भरली, बरेच दिवस एका जागी उभ्या राहणाऱ्या गाडीला भरतात तशी.

ड्रायव्हर शेजारी येऊन काटा बघत होता. जन्मभर गाडी हाकलेला माणूस तो, त्याला सांगायची गरज नव्हती. नळी पुढच्या चाकाकडे निघाली, तेव्हा तो आधीच तिथे जाऊन वाकला होता आणि व्हॉल्व्हचं टोपण काढून हातात धरून उभा होता.