जस्त कुठून आलं?

"सगळ्यांना एकच पाणी आहे, भिवाजी. बाकीच्यांचे प्रयोग होतात, तुमचेच का होत नाहीत?" विभागप्रमुखांनी विचारले आणि उत्तराची वाट न पाहता ते आपल्या खोलीत गेले.

भिवाजीच्या टेबलावर यीस्टचे सहा चंबू होते. त्यांतल्या तीन चंबूंत औषध होते, ते नितळ राहायला हवे होते. सहाही गढूळ. सलग पाचवा आठवडा. वैताग नुसता.

पेशीत जनुके वाचणारे एक विकर असते, त्याला जस्त लागते. भिवाजीचे औषध ते जस्त हिसकावून घेते. वाचन थांबले की यीस्टची वाढ थांबते. कागदावर सगळे बराबर होते. चंबूतले यीस्ट मात्र मजेत वाढत होते, कुणी चोरून जस्त चारत असल्यासारखे. औरंगाबादच्या मार्गदर्शकांचे पत्र खिशात होते: मार्च १९७८ अखेर निकाल नसेल तर विषय सोडा. आज सत्तावीस तारीख. औषध बदलून झाले, तराजू तपासून झाला, चंबू आम्लाने धुऊन धुऊन हातांची सालं निघाली. आता स्वतःच्या अकलेवर खापर फोडायचे तेवढे राहिले होते.

मागे पाणी ओतल्याचा आवाज आला. रोज सकाळी भरलेली मिळणारी त्याची बाटली प्रयोगशाळेतल्या रुख्मिणीबाई भरत होत्या. जस्ती बादलीतून.

"मावशी, डिस्टिल्ड पाणी बादलीत काहून? काचेची बरणी हाय की."

रुख्मिणीबाईंचा हात थांबला. "बरणी बाकीच्या सरांची. तुमचं येगळं ठेवायचं, तुमी नोकरीला लागलात तवाच मोठ्या सरांनी सांगितलं." मग आवाज खाली गेला. "रोज घासते बाबा मी. घाण न्हाई ठेवत."

भिवाजीने बादलीत पाहिले. तळाचा जस्ताचा मुलामा घासून घासून पार उतरला होता. पाच आठवडे त्याने स्वतःच्याच चुका शोधल्या होत्या. त्याला भयंकर संताप आला.

त्याने बादली उचलली, विभागप्रमुखांच्या खोलीत नेली आणि टेबलावर ठेवली.

"सर, कारण सापडलं. माझ्या पाण्यात जस्त होतं."

"जस्त? कुठून आलं?"

"या बादलीतून. माझं पाणी हिच्यात कुणी ठेवायला सांगितलं, ते तुमी सांगा."

बादली हिंदकळली. सरांनी घाईघाईने कागद उचलले आणि खुर्ची मागे सारली.

"भिऊ नका, सर," भिवाजी म्हणाला. "सगळ्यांना एकच पाणी हाय."