शून्याचं पाऊल

शिट्टी वाजली. नेवेनाने नियमाप्रमाणे चेंडू समोरच्या संघासाठी होता तिथेच जमिनीवर ठेवला आणि ती तीन मीटर मागे सरली.

"चार पावलं!" कोच मोमचिलो ओरडले. "पोरी, शाळेत आकडे शिकवले नाहीत का तुला?"

बोयाना पुढे आली. सोळा वर्षं ती या संघात डावीकडून गोल मारत होती. उद्या युरोपच्या स्पर्धेतला सामना. दारावर चिकटवलेल्या यादीत तिचं नाव होतं, एकोणीस वर्षांची नेवेना राखीव होती. पोरीला शिकवायचं काम कोचनी तिच्याच गळ्यात घातलं होतं.

हँडबॉलमध्ये चेंडू घेऊन तीनच पावलं टाकता येतात. पण चेंडू हवेत असताना झेलला, तर जमिनीला टेकणारा पहिला पाय मोजत नाहीत. ते शून्याचं पाऊल. त्या एका फुकटच्या पावलावर बोयानाने भल्याभल्यांना चकवलं होतं.

तिने जमिनीवर वर्तमानपत्राचं पान अंथरलं. "झेलताना तू याच्या वर, हवेत असायचंस. कागदाला पाय लागता कामा नये."

नेवेना धावली. कागद टरकन फाटला. पुन्हा शिट्टी.

"मी तुझ्यासारखंच करतेय," नेवेना लाल होत म्हणाली. "महिनाभर तुझे पाय बघतेय."

"मग नीट बघत नाहीस."

"बघते. तूसुद्धा उडत नाहीस, बोया."

गोलजवळ हसत उभ्या असलेल्या पोरी गप्प झाल्या. मोमचिलो मात्र मोठ्याने हसले. "बोयानाची पावलं मोजायची? हातच्या कांकणाला आरसा कशाला!"

बोयानाने दुसरं पान अंथरलं. बुटाच्या टाचेवर थापलेल्या राळेच्या गोळ्याला बोटं लावली, म्हणजे चेंडू हातातून निसटत नाही. हिवाळ्यापासून तिच्या डाव्या गुडघ्याला एका धावेत दोन उड्या झेपत नव्हत्या. तिने तो फेकीच्या उडीसाठी राखून ठेवला होता. झेलतानाही आपण उडतो, थोडं का होईना, असं ती रोज स्वतःला सांगायची.

ती धावली. मोमचिलोंनी चेंडू टाकला. झेल, पावलं, उडी. चेंडू वरच्या कोपऱ्यात गेला, गोलरक्षक जागची हलली नाही. शिट्टी वाजली नाही. पोरींनी टाळ्या पिटल्या.

जाळीतून चेंडू घेऊन परतताना तिला पायाशी सळसळ ऐकू आली. वर्तमानपत्र तिच्या टाचेला चिकटलं होतं. ती तशीच मोमचिलोंपर्यंत चालत गेली.

"कोच, शिट्टी?"

"होती की तोंडात."

"किती दिवस वाजत नाहीये?"

त्यांनी शिट्टी शर्टाला पुसली. पुसतच राहिले. "इथले पंच तुला ओळखतात, पोरी. त्यांचा तुझ्यावर जीव आहे."

"आणि उद्याचे?"

"डेन्मार्कचे आहेत."

बोयानाला रडू आलं नाही. लाज वाटली. आपल्याला सांभाळून घेतलं जात होतं, आणि हे आपल्याखेरीज साऱ्या हॉलला ठाऊक होतं.

"वाजवा," ती म्हणाली.

मोमचिलोंनी हलकेच फुंकली.

"अशी नाही. नेवेनाला वाजवता तशी."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. छाती भरून घेतली आणि शिट्टी वाजवली.

बोयाना वाकली. चेंडू होता तिथेच जमिनीवर ठेवला आणि टाचेला कागद घेऊन तीन मीटर मागे सरली.

नेवेना हलेना.

"उचल," बोयाना म्हणाली. "शिट्टी वाजलीय."