मठाची किल्ली

मठाचा फाटा आला तरी मॅलकीने गाडी सरळ पुढे नेली.

“मठ मागे राहिला की!” फिडेल्मा म्हणाली.

“आधी किल्ली. ती सबाइनाबाईंकडे असते.”

“तुमच्याकडेच एक जादा का नाही ठेवत?”

“मागून तर बघा! चार पिढ्या त्या घरात आहे ती. पाहुणा कोण, कुठला, त्याने चहा घेतला की नाही, एवढं सगळं झाल्याशिवाय किल्ली खुंटीवरून हलत नाही.”

फिडेल्मा डब्लिनच्या ग्रंथालयातून निवृत्त झालेली. दिवसभरासाठी गाडीसकट हा वाटाड्या तिने एकटीसाठी ठरवला होता आणि सकाळपासून ती त्याच्यावर खूष होती. गोल मनोऱ्यापाशी त्याने सनावळ्या सांगितल्या नव्हत्या. जुन्या पाथरवटाची छिन्नी जिथे घसरली होती, त्या दगडावर त्याने तिचा हात नेऊन ठेवला होता. “त्या दिवशी बिचाऱ्याने शिव्या खाल्ल्या असतील,” एवढंच म्हणाला होता.

गाडी चिंचोळ्या रस्त्याला लागली तसा मॅलकीचा आवाज उतरला.

“खरं सांगू? मठाला फाटकच उरलेलं नाही. मागे वादळात पडलं, मग कुणीतरी भंगारात नेलं असावं. सबाइनाबाईंना ठाऊक नाही. गुडघ्यांमुळे त्या टेकडी चढत नाहीत.”

“मग किल्ली कशाला?”

“गॉलवे शहरातला त्यांचा पुतण्या त्यांना आपल्याकडे न्यायला टपलाय. ‘किल्ली मागायला माणसं येतात, मी कशी येऊ?’ असं म्हणून त्या त्याला परतवतात. किल्ली मागणं थांबलं की बाईंचं घर सुटलं. तेव्हा कृपा करून बोलू नका काही.”

फिडेल्माने होकारार्थी मान हलवली.

दार उघडंच होतं. उंबऱ्याशी चिखलाने भरलेले रबरी बूट पडले होते. आत चुलीत पीट, म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेली माती, जळत होतं.

“उशीर केलास, मॅलकी. कुठे हुंदडत होतास?” सबाइनाबाईंनी विचारलं.

“मनोऱ्यापाशी जरा बोलत होतो.”

“जरा! हा बोलायला लागला ना बाई, की मेलेले साधूसुद्धा कूस बदलतात.”

त्यांनी पहिली थाळी मॅलकीपुढे ठेवली, मग पाहुणीपुढे. खारवलेलं डुकराचं मांस, कोबी, उकडलेले बटाटे. मॅलकी मान खाली घालून जेवला. त्याने दोनदा वाढून घेतलं.

“कोट काढ. बटण लोंबतंय.”

“राहू द्या हो.”

“काढ म्हणते ना! असा फिरतोस आणि पाहुण्यांना राजेरजवाड्यांच्या गोष्टी सांगतोस.”

बटण टाचता टाचता त्यांनी फिडेल्माची आई कुठली, वडील कुठले, हेही काढून घेतलं. शेवटी खुंटीवरची किल्ली उतरवली आणि तेलाच्या फडक्याने पुसली.

“कुलूप जड जातंय का रे?”

“थोडं. पावसाने गंजलंय.”

“मग हळू फिरव.”

मठाच्या दोन उघड्या खांबांमधून ते आत गेले. मॅलकीने खिशातली किल्ली नुसतीच चाचपली. ओवरीतल्या एका खांबामागे, भिंतीकडच्या बाजूला, एक इवलासा हसरा साधू कोरलेला होता. तो पाहायला फिडेल्माला गुडघे टेकून वाकावं लागलं.

“इथे कोण पाहणार होतं याला?”

“कुणीच नाही,” मॅलकी म्हणाला. “म्हणून तर मला तो सगळ्यांत आवडतो.”

तिला वाटलं, या माणसाचंही तसंच आहे.

किल्ली परत दिल्यावर मॅलकी गाडी वळवायला गेला. सबाइनाबाईंनी फिडेल्माचा दंड धरला.

“मागे चला. अंडी देते.”

बूट चढवून त्या तरातरा चालू लागल्या. फिडेल्माला त्यांना गाठताना धाप लागली. परसात कोंबड्यांचं कुंपण होतं. त्याचं दार माणसाहून उंच, काळ्या लोखंडी गजांचं, वर क्रूस असलेलं. मधोमध तळहाताएवढं कुलूप.

फिडेल्माने कुलपाला हात लावून पाहिला.

“वादळात पडल्यावर शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरवर घालून मीच आणवलं,” अंडी तिच्या हातात देत सबाइनाबाई हळूच म्हणाल्या. “मॅलकीला बोलू नका हं. बायको गेल्यापासून तो गरम जेवतो ते किल्लीच्याच निमित्ताने. नाहीतर या गारठ्यात मी कशाला राहिले असते? पुतण्याकडे केव्हाच गेले असते.”